बोगद्याची मोजणी

ओव्हरसियरची नोकरी लागली तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो आणि डोंगर असा जवळून कधी पाहिला नव्हता. मी कोपरगावकडचा. आमच्याकडे कालव्याचं पाणी, उसाचे मळे आणि कारखान्याकडे जाणारे सरळसोट रस्ते. गाडी भरली की ती थेट कारखान्याच्या वजनकाट्यावर जाऊन उभी राहायची. वाटेत अडलीच तर एखाद्या रेल्वे फाटकापाशी. माल आणि बाजार यांच्यामध्ये एक अख्खा डोंगर आडवा पडलेला असतो, हे मला परीक्षेपुरतं ठाऊक होतं.

पहिली नेमणूक झाली ती संगमनेरच्या पश्चिमेला. तिथे प्रवरा आणि मुळा या दोन नद्यांच्या मधून डोंगराची एक लांब धार गेलेली आहे. मुळेकडच्या खोऱ्यात बटाटा आणि कांदा चांगला व्हायचा, दूधही बरंच निघायचं. बाजार मात्र सगळा प्रवरेच्या बाजूला. दोन्ही खोऱ्यांना जोडणारा एकच घाट होता. तो इतका अरुंद की समोरासमोर दोन ट्रक आले तर एकाला मैलभर मागे जावं लागे. म्हणून वाहतूक एकेरी केली होती. दोन तास इकडच्या गाड्या सोडायच्या, दोन तास तिकडच्या. दोन्ही टोकांना आमच्या खात्याचा एकेक चौकीदार असे. फोन नव्हता. शेवटच्या गाडीच्या ड्रायव्हरजवळ चौकीदार एक पितळी बिल्ला द्यायचा. तो बिल्ला पलीकडे पोचला की घाट रिकामा झाला असं समजून तिकडच्या गाड्या सुटायच्या. मधे कुठे गाडी बंद पडली तर बिल्लाही तिथेच अडकायचा आणि दोन्हीकडची माणसं वाट बघत बसायची.

घाटातलं सातवं वळण सगळ्यांत वाईट. ट्रक एका दमात वळायचाच नाही. पुढे घ्यायचा, चाकामागे दगड लावायचे, मागे घ्यायचा, पुन्हा दगड, पुन्हा पुढे. वरून कड्याचा एक सुळका रस्त्यावर आलेला होता, त्यामुळे उंच भरलेली गाडी तिथे अडकायची.

याच धारेतून बोगदा काढावा, असा प्रस्ताव आमच्या कचेरीत होता. कुणीतरी पूर्वी नकाशावर पेन्सिलीने तुटक रेघ मारून ठेवली होती. घाट अकरा किलोमीटरचा आणि ती रेघ अर्ध्या किलोमीटरचीसुद्धा नव्हती. आमचे डेप्युटी इंजिनियर साहेब पन्नाशीचे, बोलायला मोजके. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "सात दिवस चौकीवर बसा. जाणारं-येणारं प्रत्येक वाहन तक्त्यात नोंदवा. त्याच्याशिवाय फाईल वर सरकणार नाही."

मी अगदी उत्साहाने चौकीवर जाऊन बसलो. तक्त्यात रकाने होते: ट्रक, बस, जीप, मोटारसायकल, बैलगाडी. शेवटी दोन बोटं रुंदीचा एक रकाना, 'शेरा'. मी रेघा मारायला लागलो. दुसऱ्या दिवशी दुपारी एक ट्रक चौकीच्या फाटकाशी येऊन थांबला. ड्रायव्हर पंचावन्नच्या आसपासचा, खाकी कोट, डोक्याला पंचा. खाली उतरून तो माझ्या टेबलाशी आला.

"भाऊसाहेब, काय लिवताय?"

"गाड्या मोजतोय. बोगदा व्हायचा असेल तर किती वाहतूक आहे ते दाखवावं लागतं."

"मंग दुप्पट लिवा."

मला राग आला. "असं कसं लिहू? जेवढ्या दिसतील तेवढ्याच लिहिणार."

"दिसत्यात तेवढ्या लिवून काय उपेग? आवो, ह्यो घाट हाय म्हनून तर गाड्या न्हाईत. माजी गाडी जुनी हाय, तिला दुसरीकडं कोन इचारत न्हाई, म्हनून मी येतो. नव्या गाडीवाला हितं कशाला येईल टायर घासाया? चला माज्यासंगं पलीकडं, दावतो तुमाला."

चौकीदाराला तक्त्यावर बसवून मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो. गाडी रिकामी होती तरी चढताना इंजिनाचा दम निघत होता. दोनदा थांबून त्याने रेडिएटरमध्ये पाणी ओतलं. पलीकडच्या गावाच्या वेशीवर बाभळीच्या सावलीत बटाट्याची पोती रचून ठेवलेली होती. सावली सरकली होती, पोती उन्हात आली होती. एका शेतकऱ्याने पोत्याचं तोंड सोडून मला दाखवलं. वरचे बटाटे हिरवे पडले होते. आठ दिवस गाडी मिळाली नव्हती म्हणाला.

ड्रायव्हरने गाडी भरायला लावली आणि साठ पोत्यांवर हात वर केला. "बास. सपाटीला ही शंभर नेती. हितं साठाच्या वर एक चढवलं तर सातव्या वळनावर मागं येईल." उरलेली पोती तशीच राहिली. त्यांच्या मालकांनी ती पुन्हा सावलीत ओढली. त्यांना सवय होती. दुधाचे कॅन गाढवांवर लादून दोन माणसं डोंगराच्या पायवाटेने निघाली होती, कारण फाटकावर दोन तास उन्हात थांबण्यापेक्षा पायी गेलेलं बरं. तरी आठवड्यातून एकदोनदा दूध नासतंच, असं त्यातला एक जण सांगून गेला.

हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं. परत येऊन चौकीदाराकडून तक्ता घेतला आणि त्या दुपारच्या रकान्यात ट्रकची एक रेघ मारली. गाढवांना रकाना नव्हता. मागे राहिलेल्या चाळीस पोत्यांना नव्हता. शेऱ्याचा रकाना होता, पण स्वच्छ तक्ता म्हणजे चांगला तक्ता असं आम्हाला शिकवलेलं. सात दिवसांचा तक्ता मी शाईने पुन्हा उतरवला, खाली सही केली आणि डेप्युटी साहेबांच्या टेबलावर ठेवला. एकही आकडा वाढवला नव्हता याचा मला अभिमान वाटत होता.

त्या वर्षी पाऊस झालाच नाही. बहात्तर सालचा दुष्काळ म्हणजे काय ते नगर जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. आमची कचेरी रातोरात दुष्काळी कामाची कचेरी झाली. मुळेच्या खोऱ्यात हजारभर माणसं खडी फोडायला बसली. माझ्याकडे त्या कामाची देखरेख. बायका, पुरुष, म्हातारी माणसं दिवसभर हातोडा घेऊन दगडावर दगड फोडायची आणि संध्याकाळी मी ढीग मोजून घ्यायचो. ही खडी कुठल्या रस्त्यावर पडणार, ते कुणालाच माहीत नव्हतं. ढीग वाढत होते.

कामावर एक चाळिशीची बाई होती, तिच्या गावच्या टोळीची पुढारी. नवरा जनावरं घेऊन छावणीवर गेलेला. सगळे तिला आक्का म्हणत, मीही म्हणू लागलो. एके दिवशी ढीग मोजताना तिने विचारलं, "भाऊसाहेब, ही खडी फोडून आमाला काय घावनार?"

"मजुरी मिळते ना."

"ती घावती. पर त्यो डोंगर तिथंच ऱ्हातो. एवढे हात हायेत, त्या हातांनी तुमचा बोगदाच का न्हाई पाडत?"

मला ते इतकं पटलं की दुसऱ्याच दिवशी मी डेप्युटी साहेबांकडे गेलो.

"बोगद्याला हात लागत नाहीत, सुरुंग लागतात," ते म्हणाले. "दुष्काळी कामाचा पैसा मजुरीसाठी आहे. त्यातून सुरुंगाची दारू घेता येत नाही."

"आणि बोगद्याचा पैसा?"

"तो बोगदा मंजूर झाल्यावर."

"मग निदान बोगद्याच्या तोंडापर्यंतचा रस्ता तरी खोदू द्या. ते मातीकाम आहे."

"बोगदा मंजूर नसताना त्याच्या तोंडापर्यंतचा रस्ता कसा मंजूर करू?"

मी बाहेर आलो आणि सायकलला अशी लाथ मारली की पेडल वाकलं. त्या वाकड्या पेडलवर नऊ किलोमीटर गेलो.

मग हिवाळ्यातली ती सकाळ आली. कडब्याचा एक ट्रक घाटात शिरला. उंच भरलेला. सातव्या वळणावर कडब्याच्या वरच्या पेंढ्या सुळक्यात अडकल्या. ड्रायव्हरने जोर करून गाडी मागे घेतली आणि मागचा एक्सल तुटला. त्याच्या मागे सरकारी धान्याचे तीन ट्रक उभे होते. पलीकडच्या गावाच्या धान्य डेपोत चार दिवसांपासून दाणा नव्हता. धान्याच्या पहिल्या ट्रकवर माझ्या ओळखीचा तोच ड्रायव्हर होता. त्याचा निरोप घेऊन एक माणूस धावत आला, तसा मी वर गेलो.

"भाऊसाहेब, नवा एक्सल संगमनेरहून यायचा," तो म्हणाला. "उद्या सांजेपतूर गाडी हालायची न्हाई. आन तिकडं चुली बंद हायेत."

बातमी धारेपलीकडे माझ्याही आधी पोचली होती. तासाभरात डोंगराच्या माथ्यावर माणसं दिसायला लागली. आक्का पुढे आणि तिच्या मागे दोनशे तरी बायका-माणसं. हातात पाट्या, घमेली, रिकामी पोती. शेळ्यांच्या वाटेने ती सरळ खाली वळणावर उतरली.

धान्याबरोबर पुरवठ्याचा एक कारकून होता. त्याने हात आडवे केले. "डेपोवर पोचल्याशिवाय धान्य देता येत नाही. पावती तिथेच होते."

"डेपोवरच न्यायचंय आमाला," आक्का म्हणाली. "तुमी संगं चला आन तिथं तोला."

"रस्त्यात सांडलं तर कोण जबाबदार?"

खोटं कशाला सांगू, मीही घाबरलो होतो. धान्य माझ्या खात्याचं नव्हतं. पण त्या दोनशे माणसांच्या समोर उभं राहून पावतीची गोष्ट करायची मला लाज वाटली. कारकुनाच्या वहीत मी लिहून दिलं की हे धान्य माझ्या जबाबदारीवर उतरवलं आहे, आणि सही केली.

ड्रायव्हरने दोर सोडले. एक पोतं एकट्याने न्यायचं काम नव्हतं. पोती फोडून धान्य पाट्यांत ओतलं, लुगड्याच्या ओट्यात घेतलं, अर्धी पोती दोघादोघांनी उचलली. दुष्काळात अमेरिकेतून यायची ती तांबडी मिलो ज्वारी होती. रांग लागली. वळणावरून माथ्यावर, माथ्यावरून खाली गावात, आणि रिकामी माणसं परत वर. मीही तीन खेपा केल्या. तिसऱ्या खेपेला चढावर मधेच थांबलो तेव्हा एका म्हातारीने माझ्या डोक्यावरची पाटी काढून स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि पुढे गेली. उन्हं कलायच्या आत तिन्ही ट्रक रिकामे झाले. नंतर कडबाही तसाच पेंढी पेंढी करून गेला.

माथ्यावर दम खायला बसलो होतो. आक्का शेजारी टेकली. मी तिला सांगितलं, बोगद्याची जी रेघ नकाशावर आहे ती बरोबर या जागेच्या खालून जाते.

ती खाली बघत म्हणाली, "मंजी ट्रकाला किती येळ लागला असता?"

"पाच मिनिटं."

ती हसली नाही. घाम पुसला आणि उठून खाली गेली.

त्या दिवसाचा अहवाल मी संध्याकाळी एका दमात लिहिला. चार दिवस जे ट्रकने पोचलं नाही ते माणसांनी डोक्यावरून एका दिवसात पोचवलं, आणि बोगदा असता तर यातल्या एकाही माणसाला डोक्यावर पाटी घ्यावी लागली नसती. कडबा उंच भरता आला असता, गाडी पूर्ण भरता आली असती, बटाटा हिरवा पडला नसता, दूध नासलं नसतं. एवढं साधं ज्यांना समजत नाही त्यांनी एकदा या घाटातून साठ पोती घेऊन यावं, असंही लिहिलं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. दोन कागद होते. पहिल्यात विचारलं होतं की अधिकार नसताना धान्य वाटेत का उतरवलं आणि डेपोवर वजनात जी थोडी घट आली तिचा खुलासा काय. दुसऱ्यात ताकीद होती, की शासकीय पत्रव्यवहारात अशी भाषा वापरू नये. बोगद्याविषयी एक अक्षर नव्हतं.

डेप्युटी साहेबांनी मला ते कागद दिले तेव्हा ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "खुलासा मी लिहितो. तुम्ही लिहू नका." आणि त्यांनी आणखी एक गोष्ट केली, ती मला महिनाभराने कळली. बोगद्याच्या तोंडापर्यंतचं खोदकाम त्यांनी 'गावरस्ता' म्हणून मंजूर करून घेतलं. कागदावर बोगद्याचं नावच येऊ दिलं नाही.

पलीकडच्या बाजूने काम सुरू झालं. खडी फोडणारी माणसं आता टिकाव-फावडी घेऊन उभी राहिली आणि कामाचा रंगच बदलला. आपण काय करतोय ते त्यांना कळत होतं. संध्याकाळी मापं घेताना आक्का मला बजावायची, "आज चार हात आत गेलोय, नीट लिवा." एप्रिलपर्यंत सगळी माती संपली आणि पुढे काळा पाषाण लागला. उभा, सरळ, भिंतीसारखा. माणसं त्याला हात लावून बघायची. आता सुरुंग हवे होते.

सुरुंग आले नाहीत. त्र्याहत्तरचा पाऊस मात्र आला, आणि चांगला आला. दुष्काळी कामं बंद झाली, माणसं शेताकडे गेली. खोदलेल्या चरात दोन्ही बाजूंची माती ढासळली. श्रावणात तिथे कमरेएवढं पाणी साचलं होतं आणि म्हशी बसल्या होत्या.

दिवाळीच्या आगेमागे फाईल परत आली. घाटातील वाहतूक अत्यल्प असल्याने बोगद्याचा खर्च समर्थनीय नाही. पुरावा म्हणून सोबत माझा तक्ता जोडलेला होता. शाईने उतरवलेला, स्वच्छ, माझ्या सहीचा.

मी तो घेऊन डेप्युटी साहेबांच्या खोलीत शिरलो. बसा म्हणण्याचीही वाट पाहिली नाही.

"साहेब, गाड्या कमी आहेत कारण घाट वाईट आहे. आणि घाट वाईट आहे तरी बोगदा नको, कारण गाड्या कमी आहेत! हे काय आहे?"

"जे आहे ते आहे."

"त्या ड्रायव्हरनं मला दुप्पट लिहायला सांगितलं होतं. मी ऐकायला हवं होतं."

"खोटं लिहिलं असतंत तर मीच तुम्हाला घरी पाठवलं असतं."

"मग खरं लिहून काय मिळालं?"

त्यांनी चष्मा काढला, तक्ता माझ्या हातातून घेतला आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. "हा शेऱ्याचा रकाना. किती गाड्या माल न घेता परत गेल्या, किती वेळ थांबल्या, किती माल पलीकडे पडून होता, हे सगळं इथे लिहिता आलं असतं. तुम्ही पाहिलं होतंत ना? मग कोरा का सोडलात?"

इतके दिवस मला राग यायचा तो वरच्या साहेबांचा, खात्याचा, त्या सातव्या वळणाचा. त्या दिवशी पहिल्यांदा तो राग ठेवायला माझ्याशिवाय दुसरी जागा उरली नाही.

मी विचारलं, "आपण तेव्हा का नाही सांगितलंत?"

"मीही वाचला नव्हता," ते म्हणाले. "नुसती सही केली."

पलीकडच्या गावाने मात्र फाईलची वाट पाहिली नाही. त्या हिवाळ्यात बटाटा भरपूर आला. ज्या वाटेने धान्य नेलं होतं त्याच वाटेवर गावकऱ्यांनी आपल्याआपण पायऱ्या खोदल्या, अवघड जागी दगड रचले. माल गाढवांवर आणि डोक्यांवर माथा ओलांडून अलीकडच्या पायथ्याशी यायचा. तिथे ट्रक उभे राहायला लागले. घाट चढायचा नसल्याने शंभर पोती भरून जायला लागले. दूधही त्याच वाटेने यायचं.

यावर मला पत्र आलं. सरकारी डोंगरात विनापरवाना खोदकाम झाले आहे, संबंधित ओव्हरसियरने खुलासा करावा. पत्र घेऊन मी गावात गेलो, सांगणं भाग होतं. आक्काने ऐकून घेतलं.

"बोगदा पाडा म्हनावं," ती म्हणाली. "त्या दिवशी आमी सगळ्या पायऱ्या बुजवून देतो. तसं लिवून द्या त्यांना."

मी तसंच लिहून दिलं, शब्द थोडे सरकारी करून. उत्तर आलं नाही. बदलीचा हुकूम आला, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, पाथर्डीकडे. जायच्या आधी एवढं मात्र करून घेतलं, की पडून असलेली खडी सातव्या वळणावर टाकायची आणि तो सुळका फोडायचा. त्याला मंजुरी मिळाली, दुरुस्ती या नावाखाली. वळण रुंद झालं तरी ते वळणच होतं.

माझी ट्रंक आणि वळकटी त्याच ड्रायव्हरने गाडीत घेतली. संगमनेरच्या स्टँडवर सामान उतरवून देताना त्याने विचारलं, "तिकडं घाट हाय का?"

"आहे एक."

"मंग आदी चार खेपा गाडीत बसून करा. मंग मोजा."

पाथर्डीच्या कचेरीत रुजू झालो त्या दिवशी मला काम दिलं ते वाहतूक मोजणीचंच. तोच छापील तक्ता, तेच रकाने. मी शेऱ्याच्या रकान्याला जादा कागद चिकटवून दोन्ही बाजूंनी भरून दिला. तिथल्या साहेबांनी तो कागद सोडवून काढला, बाजूला ठेवला आणि म्हणाले, "एवढं कोण वाचणार?" मी तो पुन्हा चिकटवला. त्यांनी पुन्हा काढला. तिसऱ्या वेळी मी तो न चिकटवता दोऱ्याने शिवला.